फॉन्ट आधी जपा

गेल्या महिन्यात घरच्या संगणकाची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज नव्याने घातले. वडिलांच्या सीमालढ्याच्या आठवणी २००१ साली त्यांच्या तोंडून ऐकून मी टंकित केल्या होत्या. ती फाइल उघडली, तर पडद्यावर निव्वळ रोमन अक्षरे आणि चिन्हे! वडील आता नाहीत. पुन्हा विचारणार कोणाला?

फाइल मात्र शाबूत होती. तिच्यात साठले होते ते रोमन अक्षरांचे संकेतांक. त्यांना देवनागरी रूप देत होता तो केवळ तेव्हाचा फॉन्ट. जुन्या डिस्कवरील विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातून तो आणून बसवला आणि मजकूर पुन्हा मराठी झाला. मग परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणला. तेथे घाटातल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या, म्हणजे खोऱ्यांचा समुद्र झाला! असा प्रत्येक ‘ऱ्य’ इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी आणि तिरकी रेघ दाबून हाताने दुरुस्त केला. मुळाशी ताडून पाहिल्याविना नक्कल दाखल करू नये, हे वकिलीने शिकवलेच आहे.

बांधवांनो, जुनी डिस्क पुसण्यापूर्वी तिच्यातील फॉन्ट उतरवून घ्या. मराठीचा पुरावा आपल्याच घरात अवाच्य होऊ नये.