सेवा कोणाच्या हातची?

आपल्या खेड्यांतून एक वाक्य वारंवार कानी पडते: "अमक्याने बापाला शेवटपर्यंत सांभाळले हो!" ऐकून बरे वाटते. पण सांभाळले म्हणजे नेमके काय केले, असे क्षणभर विचारून पाहावे. औषधांचे पैसे दिले, डॉक्टर आणला, सायंकाळी खाटेपाशी उभे राहून विचारपूस केली. मग पेज कोणी भरविली? अंग कोणी पुसले? ओली चादर कोणी धुतली? बहुतेक घरी ते सारे सुनेने केलेले असते. नाव मात्र मुलाचे होते. घरात लहान मुले असली म्हणजे तर तिच्या हालांस पारावार राहत नाही.

आम्ही म्हापशाच्या बाजारात लहानसे दुकान चालवितो. घर जवळच बार्देशातील एका गावी आहे. थोरली मुलगी सात वर्षांची, धाकटा तीनचा. आमच्या वडिलांना, म्हणजे मुलांच्या 'शापाय'ना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. १०८ ची गाडी आली; प्रथम पेडे येथील जिल्हा इस्पितळ, तेथून बांबोळी. जीव वाचला, परंतु उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरी पाठविताना परिचारिकेने बजावले: दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, भरविताना उठवून बसवा, कारण निजलेल्या माणसाच्या घशातून घास श्वासनलिकेत उतरतो, पेज थोडी घट्टच द्या, पातळ पदार्थाने लवकर ठसका लागतो.

दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. धिप्पाड देहाचा पुरुष, आणि दिवसभर घरी एकटी सून, तिच्या पदराशी लहान मूल! त्याच रात्री मुलांची आई आम्हांस म्हणाली, "शापायना जेवू घालीन, औषध देईन, दिवसा कूसही बदलीन. पण त्यांना अंघोळ घालायला मी गेले तर लाजेने त्यांचा जीव अर्धा होईल. ते मुलानेच केले पाहिजे." तिचे म्हणणे आम्हांस तत्काळ पटले. ज्याला बोलता येत नाही, त्यालाही लाज असते. तिचे रक्षण करणे हीदेखील शुश्रूषाच होय.

तेव्हापासून पहाटे पाचला उठून वडिलांचे अंग पुसणे, दाढी करणे, कपडे बदलणे हे काम आमचे. रात्रीच्या कुशीही आमच्याच. दिवसाचे काम तिचे. शुक्रवारी मात्र बाजार असतो. डिचोली-पेडण्यापर्यंतची माणसे म्हापशाला येतात आणि दुकान क्षणभर सोडवत नाही. त्या दिवशी आमची बहीण डिचोलीहून येते. काही नातलगांनी नाके मुरडली: "दिलेल्या मुलीला कशाला राबवता?" आम्ही म्हटले, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने गोव्यात मुलीला मुलाइतकाच वारसा दिला. वाटणीच्या वेळी जी परकी नसते, ती सेवेच्या वेळी परकी कशी? आणि खरे सांगायचे तर बोलवावे लागले नाही. तीच होऊन आली.

एवढे करूनही संसारावर ताण येतोच. आठ-आठ दिवस पतिपत्नींत औषध आणि चादर यांखेरीज बोलणे होत नाही. थकलेली माणसे एकमेकांवर रागावत नाहीत, नुसती गप्प होतात. आणि ते अधिक वाईट. आम्ही एक नेम केला. रविवारच्या मिस्सेला दोघांनी एकत्र जायचे आणि घरी सावकाश चालत यायचे. तेवढा वेळ शेजारची वृद्ध बाई शापायपाशी बसते. त्या अर्ध्या तासात दुखण्याचा विषय काढायचा नाही. मोठी गोष्ट नव्हे. पण तेवढ्याने आठवडा निभावतो.

मुलांची चिंता सर्वांना वाटते: रोग्याच्या घरात त्यांचे बाळपण करपेल. मुलांना दूर लोटले तर करपेल खरे. आमच्याकडे संध्याकाळची जपमाळ खाटेभोवतीच होते. शापाय डाव्या हाताने मणी सरकवितात, आणि धाकटा त्या मण्यांवरच दहापर्यंत मोजावयास शिकला. एके दिवशी मुलीने विचारले, "पप्पा, तुम्ही शापायना पुसता, भरवता. ते आता बाळ झाले का?" आम्ही उत्तर दिले, "नाही बाळे, ते माझे वडील आहेत." तेव्हापासून ती त्यांच्याशी बोबडे बोलत नाही, शाळेत काय झाले ते मोठ्या माणसाला सांगावे तसे सांगते, आणि ते डोळ्यांनी हुंकार देतात.

कोणी म्हणेल, बोटीवर किंवा आखातात असलेल्या मुलाने काय करावे? त्याने पगारातून आधी दिवसाचे काही तास मदतनीस ठेवावा. पत्नीला एकटी टाकू नये. आणि रजेवर आला की खाटेजवळचे काम स्वतःकडे घ्यावे. पाहुण्यासारखे वागू नये.

२००७ साली केंद्र सरकारने आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्यान्वये टाकून दिलेले वृद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात, आणि त्यांना टाकणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण कायदा पैसे देववील. मध्यरात्री उठून कूस बदलणार नाही.

वाचकहो, चौथी आज्ञा आईबापांचा मान राखावयास सांगते. ती प्रथम त्यांच्या लेकरांना दिलेली आहे, मग ते मुलगे असोत की मुली. सुनेने प्रेमाने वाटा उचलला तर तिचे उपकार मानावे. परंतु आपला वाटा तिच्या ओटीत घालून मोकळे होऊ नये. ज्यांच्या घरी आज असे दुखणे आहे त्यांनी आज रात्रीच मुलांना निजवून दोघांनी समोरासमोर बसावे, कोणते काम कोणाच्या हातचे ते ठरवावे, आणि सर्वांत जड काम मुलाने स्वतःच्या नावे लिहून घ्यावे.