जुडी म्हणजे किती ग्रॅम?

लेक सप्टेंबरात शिकायला बाहेर चालली आहे. तिला आजीची पालकाची पातळ भाजी लिहून हवी होती. आई फोनवर म्हणाली, "एक जुडी घे." इथे ऊद मेथात पालक ग्रॅमच्या पाकिटात, आणि लेकीच्या इंग्रजी रेसिपीत "दोन कप". सीए बाईला ताळा जुळल्याशिवाय झोप येते का!

तर मंडळी, लिहून ठेवा. कपभर कच्चा पालक साधारण 30 ग्रॅम भरतो, शिजलेला कपभर मात्र 180 च्या आसपास. कप तोच, वजन सहापट! पानांत 91 टक्के पाणी, मध्ये नुसती हवा. कप दाबून भरला की आकडा आणखी बदलतो. म्हणून कोणी "मुलांना कपभर पालेभाजी द्या" म्हटलं, तर आधी विचारा, कच्ची की शिजलेली?

शेवटी आईलाच जुडी निवडून काट्यावर ठेवायला लावली. 220 ग्रॅम. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती हसत म्हणाली, "इतकी वर्षं डोळ्यांनीच मोजली गं!" लेकीच्या वहीत आता 220 लिहिलंय, आणि बॅगेत छोटा काटा.

मेथी, चाकवत, अंबाडी बाकी आहेत. तुमच्या आयांना विचारून सांगाल? वेळेत विचारा.