खाली कसं आणणार?

मी रॉकेट उडवते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "किती उंच जातं?" प्रश्न साहजिक आहे. पण कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात ल्युसर्न नावाचं एक कोरडं तळं आहे. आम्ही हौशी रॉकेटवाले तिथे जमतो आणि तिथे पहिला प्रश्न असतो, "रिकव्हरीचं काय केलंय?" माझे बाबा दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेले. रॉकेटशी त्यांचा संबंध दिवाळीपुरता. ते आमच्याकडे राहायला आले, गॅरेजमधल्या टेबलावर आडवं ठेवलेलं माझं अर्धवट रॉकेट त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं, पंख बोटाने टिचकी मारून वाजवला आणि म्हणाले, "जाईल की वर. खाली कसं आणणार?"

मला फार आनंद झाला. रिकव्हरी म्हणजे तेच, आणि या छंदाचं सगळं मर्म त्या प्रश्नात आहे.

आमची रॉकेटं खेळण्यातली नसतात. मोटरची ताकद न्यूटन-सेकंदात मोजतात आणि वर्ग इंग्रजी अक्षरांनी सांगतात. प्रत्येक पुढच्या अक्षराची कमाल मर्यादा मागच्याच्या दुप्पट. ए म्हणजे अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, जी 160 पर्यंत. एचपासून 'हाय पॉवर' सुरू होतं आणि तिथून पुढे प्रमाणपत्राशिवाय कोणी मोटर विकत देत नाही. पहिली पातळी एच आणि आयची, दुसरी जे, के आणि एलची, तिसरी एमपासून वरची. मी तेव्हा दुसऱ्या पातळीची तयारी करत होते. तिला लेखी परीक्षा असते आणि मग साक्षीदारासमोर उड्डाण. रॉकेट किती उंच गेलं याला त्यात गुण नाहीत. ते परत मिळालं पाहिजे आणि पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत मिळालं पाहिजे, एवढीच अट.

माझं रॉकेट फायबरग्लासच्या चार इंची नळीचं, मोटरसकट चार किलोंच्या आसपास. रचना संगणकावर केली, ओपनरॉकेट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. साम्पो निस्कानेन या फिनलंडच्या विद्यार्थ्याच्या 2009 सालच्या पदव्युत्तर प्रबंधातून ते जन्मलं. त्यातलं वायुगतिकीचं गणित मुळात जेम्स बॅरोमन यांचं. नासात काम करणाऱ्या या माणसाने 1966 मध्ये हौशी रॉकेटवाल्यांच्या स्पर्धेत दाबकेंद्र, म्हणजे हवेचं बल जिथे एकवटून लागतं तो बिंदू, काढण्याची पद्धत मांडली आणि कोणालाही वापरता येईल अशी ठेवली. रॉकेट सरळ जायचं तर गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका हवा. म्हणजे वाऱ्याने शेपूट ढकलली तरी नाक पुन्हा पुढे वळतं.

संगणकाने सांगितलेल्या गुरुत्वमध्यावर बाबांचा विश्वास नव्हता. त्यांनी छताच्या तुळईला दोरीचा फास टांगला, मोटरच्या वजनाची वाळूची पिशवी मागच्या बाजूला भरायला लावली, रॉकेट फासात घालून तोललं आणि जिथे ते आडवं स्थिरावलं तिथे पेन्सिलीने खूण केली. खूण संगणकाच्या आकड्याच्या थोडी मागे होती, कारण पंखांच्या सांध्यांत भरलेलं इपॉक्सी मी हिशोबात धरलेल्यापेक्षा जड भरतं. म्हणून तर प्रत्यक्ष तोलायचं असतं. नाकात थोडं वजन वाढवलं आणि हवं ते अंतर मिळालं.

पंख चिकटवण्यात सर्वांत जास्त वेळ गेला. फायबरग्लास गुळगुळीत असतं, इपॉक्सी त्याला नुसतं धरत नाही. आधी पॉलिश पेपरने जागा खरखरीत करायची, अल्कोहोलने पुसायची, मग चिकटवायचं. फायबरग्लासची धूळ फुफ्फुसांना घातक, म्हणून मास्क लावून आणि ओल्या कागदाने घासायचं. बाबा ते काम माझ्या हातातून काढून घ्यायचे. "तू नाजूक घासतेस," म्हणायचे.

आता खाली आणण्याचं. सुमारे 1,200 मीटर उंचीवर एकच मोठं पॅराशूट उघडलं आणि रॉकेट सेकंदाला सहा मीटरने उतरू लागलं, तर त्याला दोनशे सेकंद लागतात. ताशी वीस किलोमीटरचा वारा तेवढ्यात त्याला किलोमीटरभर दूर नेतो. म्हणून दोन टप्पे करतात. शिखरावर वेग जवळपास शून्य असतो, तेव्हा एक छोटं पॅराशूट बाहेर पडतं; त्याला ड्रोग म्हणतात. त्यावर रॉकेट वेगाने, पण ताब्यात राहून खाली येतं. जमिनीपासून दीड-दोनशे मीटरवर मोठं पॅराशूट उघडतं. हवेत एकूण सव्वा मिनिट, वाहून जाणं चारशे मीटरच्या आसपास.

हे सगळं ठरवतो हवेचा दाब मोजणारा एक छोटा अल्टिमीटर. मी दोन बसवते, दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या आणि स्फोटक पुड्याही वेगळ्या. दाब घटायचा थांबला की शिखर आलं असं त्याला समजतं आणि तो बंदुकीच्या दारूची छोटी पुडी पेटवतो. तिच्या वायूने नळीत दाब वाढतो, नळीचे भाग धरून ठेवणारे नायलॉनचे बारीक स्क्रू तुटतात आणि पॅराशूट बाहेर फेकलं जातं. अल्टिमीटरच्या कप्प्याला बाहेरची हवा कळावी म्हणून बारीक भोकं असतात. ती सारख्या अंतरावर आणि बेताच्या आकाराची हवीत, नाहीतर वाऱ्याचा झोतच त्याला चुकीचा दाब दाखवेल. पुडी दोन सेकंद उशिरा पेटली तर रॉकेटने तोवर वेग घेतलेला असतो आणि पॅराशूटचा झटका बसून ते रॉकेटला जोडणारा केवलारचा पट्टा नळी उभी चिरतो.

बंदुकीची दारू किती, हे कागदावर काढता येतं, पण त्या उत्तरावर कोणी शहाणा माणूस उडवत नाही. मैदानाच्या कडेला, मोटर न लावता, दुरून तार जोडून पुडी पेटवून पाहायची. आमच्या चाचणीत नाक सुटून धुळीत दूर पडलं आणि पाठोपाठ पॅराशूट पूर्ण बाहेर आलं. बाबा पुढे झाले आणि तुटलेले स्क्रू वेचून, ते सगळे एकाच जागी तुटलेत ना हे पाहू लागले.

इंधनाबद्दल वाचकांना कुतूहल असेल. ते अमोनियम परक्लोरेट, थोडी धातूची भुकटी आणि रबरासारखा बंधक यांचं असतं. हाताला मोठ्या खोडरबरासारखं लागतं. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं घन इंधन याच कुळातलं. आम्ही ते बनवत नाही, कारखान्यातून आलेल्या वड्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात भरतो आणि ओ-रिंगना ग्रीस लावून दोन्ही टोकं आट्यांनी घट्ट करतो. अमेरिकेच्या सरकारी खात्याने हे इंधन स्फोटकांच्या यादीत धरलं होतं. त्याविरुद्ध नार आणि ट्रायपोली या दोन हौशी संघटना न्यायालयात गेल्या, वर्षानुवर्षं लढल्या आणि 2009 मध्ये जिंकल्या. हे इंधन जळतं, त्याचा स्फोट होत नाही, हे त्यांनी शास्त्रशुद्ध मांडलं. तो खटला त्या हरल्या असत्या तर माझ्यासारखीला हा छंद परवडलाच नसता. त्या लोकांविषयी मला मनापासून कृतज्ञता आहे.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी तळं शांत होतं. भेगाळलेली सपाट माती, कडेला खुरटी झुडपं, दक्षिणेला सॅन बर्नार्डिनोचे डोंगर. दुपारी वारा सुटतो, म्हणून सगळ्यांची घाई सकाळची. आधी सुरक्षा अधिकाऱ्याचं टेबल. आमचे अधिकारी सत्तरीपुढचे गृहस्थ. पंख धरून हलवतात, नाक ओढून पाहतात, गुरुत्वमध्य कुठे आहे विचारतात. बाबांना ते फार आवडले.

आमच्या आधी कोणाचं तरी एक मोठं रॉकेट गेलं. छान सरळ गेलं, शिखरावर गेलं आणि काहीच उघडलं नाही. माइकवरून "हेड्स अप!" अशी आरोळी आली. तिचा अर्थ सगळे जाणतात: खुर्चीतून उठायचं, वर पाहायचं, रॉकेट नजरेत धरायचं. पाठ फिरवून पळायचं नाही. शिट्टीसारखा आवाज वाढत गेला आणि रॉकेट लोकांपासून खूप दूर नाकावर आदळलं. अंतराचे नियम त्यासाठीच असतात: एका जे मोटरला तीस मीटर, एमला दीडशे, एकापेक्षा जास्त मोटर-टप्प्यांचं रॉकेट असेल तर त्याहून जास्त. बाबांनी जाऊन पाहिलं. नळी जमिनीत रुतून चिरफाळली होती. परत आल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या दोन्ही बॅटऱ्या परत मोज."

मोजल्या. रॉकेट रुळावर चढवलं, उभं केलं आणि मगच अल्टिमीटर चालू केले. पहिल्याचे तीन बीप, मग दुसऱ्याचे तीन. तीन म्हणजे दोन्ही पुड्यांच्या तारा जोडलेल्या. शेवटी इग्नायटर मोटरच्या आत वरच्या टोकापर्यंत सरकवला. क्रम असाच; पेटवायची तार सर्वांत शेवटी.

पाच आकडे मोजले आणि बटण दाबलं. मोटर जेमतेम दोन सेकंद जळते. दोन मीटरचा रूळ सोडतानाच पंखांना हवा धरता येईल इतका वेग हवा आणि तो होता. धुराची रेघ सरळ चढत गेली, मग आवाज थांबला आणि पुढे तेरा-चौदा सेकंद नुसतं निळं आकाश. मला या छंदातला हाच काळ सर्वांत मोलाचा वाटतो. तेव्हा हातात काहीच नसतं. गॅरेजमध्ये जे नीट केलं असेल तेवढंच वर काम करत असतं. मग एक पांढरा ठिपका फुटला. ड्रोग. रॉकेट दोन तुकड्यांत, पट्ट्याला लटकत खाली येऊ लागलं. खाली आल्यावर नारिंगी पॅराशूट उघडलं आणि बाबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की मला तो सोडवावा लागला.

चालत जाऊन आणलं. साक्षीदाराने पंख तपासले, न पेटलेली दारू शिल्लक नाही याची खात्री केली आणि अर्जावर सही केली.

नात्यातली आणि ओळखीची मुलं आता महाराष्ट्रातून मला विचारतात, "ताई, इंधन घरी कसं बनवायचं?" त्यांना मी कळकळीने सांगते, बनवू नका. 1950 च्या दशकात अमेरिकेतली मुलं तेच करत होती आणि हात, डोळे गमावत होती. नेब्रास्कातले चपलांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल आणि व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रातले अभियंते हॅरी स्टाइन यांनी कारखान्यात बनवलेल्या मोटरचा सुरक्षित मार्ग काढला आणि 1957 मध्ये नार ही संघटना उभी राहिली, ती त्यासाठीच.

तुम्ही पॅराशूटपासून सुरुवात करा. ओपनरॉकेट फुकट आहे, त्यात रॉकेट रचा. जुन्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट शिवा, वजन बांधा आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन, खाली कोणी नाही हे पाहून गच्चीवरून सोडा. वेळ मोजा. वजन दुप्पट केलं तर पडण्याचा वेग दुप्पट होत नाही, 1.4 पट होतो. तुमच्या आकड्यांत तो तसा येतो का पाहा. मोटरचा विचार त्यानंतर, आणि तोही परवाना आणि अनुभव असलेल्या संस्थेच्या देखरेखीखालीच.