वकीलबाई आणि चिन्मयची आई

२०१५ साली मी पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. मेसचे आणि अभ्यासिकेचे पैसे भरले की हातात फारसं काही उरत नसे, पण त्या वर्षी मराठी सिनेमासाठी वेगळे पैसे काढून ठेवावेच लागले. एप्रिलमध्ये चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ आला, जूनमध्ये अविनाश अरुणचा ‘किल्ला’, ऑक्टोबरमध्ये भाऊराव कऱ्हाडेचा ‘ख्वाडा’ आणि ऐन दिवाळीत सुबोध भावेचा ‘कट्यार काळजात घुसली’. चारही सिनेमे एकाच वर्षातले आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. मराठी सिनेमाचं असं वर्ष मी तरी त्याआधी अनुभवलं नव्हतं.

पुढे परीक्षा पास झाले आणि महसूल खात्यात लागले. आज रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत हे चारही सिनेमे पुन्हा पाहायचे असं ठरवलं आणि पाहिले.

‘कट्यार’ सगळ्यांनी मिळून पाहिला. सासूबाईंनी मूळ नाटक पाहिलेलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. १९६७ साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक पुढच्या पिढीने पुन्हा गायलं, तेही थेट वारशाने. सिनेमात खाँसाहेबांना आवाज वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे यांचा आहे आणि तरुण गायक सदाशिवला अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांचा. काळेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गाणी आजही अंगावर काटा आणतात. कथा मात्र या वेळी मला फार भडक वाटली. घराण्याचा अभिमान आणि कलावंताची असूया एवढाच ऐवज पुरेसा असताना कटकारस्थानाची भर कशाला घातली, हे मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “तू डोळे मिटून ऐक.” ऐकलं, आणि त्यांचं म्हणणं पटलं.

‘ख्वाडा’ अजूनही तसाच रांगडा आणि खरा आहे. आपली जमीन विकून कऱ्हाडेने हा सिनेमा उभा केला. मेंढरं घेऊन गावोगाव हिंडणारं धनगर कुटुंब, हक्काच्या जमिनीसाठी कोर्टकचेरी करणारा बाप (शशांक शेंडे) आणि लग्नाची स्वप्नं पाहणारा धाकटा बाळू (भाऊसाहेब शिंदे). या सिनेमाला ध्वनीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मेंढरांचा, वाऱ्याचा, माळरानाचा आवाज ऐकताना तो का मिळाला ते कळतं.

‘किल्ला’ पाहताना मुलगा मांडीला मांडी लावून बसला होता. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय, त्याचे शाळेतले नवे मित्र, सायकलींची शर्यत आणि भर पावसात किल्ल्यात त्याचं एकटं पडणं. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक असल्यामुळे पाऊस, समुद्र आणि ओल्या भिंती यांना या सिनेमात माणसांइतकीच जागा मिळाली आहे. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्यूरीने याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. माझा मुलगा चिन्मयच्या मित्रावर, बंड्यावर, म्हणजे पार्थ भालेरावावर, जाम खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करत घरभर फिरत होता.

माझं लक्ष मात्र या वेळी अरुणावर खिळलं. अमृता सुभाषने केलेली चिन्मयची आई. ती सरकारी नोकर आहे. नवरा गेल्याचं दुःख तसंच ठेवून ती बदलीच्या ठिकाणी रुजू होते. कचेरीत नव्या बाईला जोखणारी माणसं आणि घरी घुम्यासारखा बसलेला मुलगा. हे दुहेरी ओझं काय असतं ते मला आता माहीत आहे. बदलीचा आदेश हातात पडला की आधी मुलाच्या शाळेचा दाखला डोळ्यांसमोर येतो, मग सामान. अमृता सुभाष यातलं काहीही मोठ्याने बोलत नाही. घरी आल्यावर पदराने कपाळ पुसायच्या आधी ती क्षणभर नुसती उभी राहते, तेवढ्यात सगळं येतं.

‘कोर्ट’ रात्री, सगळे झोपल्यावर एकटीने पाहिला. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली दोन पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, भारताकडून ऑस्करला प्रवेशिका, एवढं सगळं नावावर असलेला हा सिनेमा कमालीचा शांत आहे. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. त्यांचं गाणं ऐकून एका गटारसफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. मग तारखांवर तारखा. कांबळे झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने ते गेले. त्यांचा तो थकलेला पण न वाकलेला चेहरा आता पाहताना जीव तुटतो.

विद्यार्थी असताना मी या सिनेमात शाहिराच्या शेजारी बसले होते, आणि आजही तिथेच बसते. पण आता सरकारी वकील नूतनबाईंवरून नजर हलत नाही. गीतांजली कुलकर्णीने ही बाई अशी केली आहे की ती आपल्या कचेरीतली वाटावी. कोर्ट सुटल्यावर ती लोकलने घरी जाते, शेजारच्या बाईशी घरगुती गप्पा मारते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, टीव्हीसमोर बसलेल्यांना वाढते. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब नाटकाला जाते. प्रेमळ आहे, कामसू आहे. आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात एका निरपराध म्हाताऱ्याविरुद्ध इंग्रजी अमदानीतल्या कायद्याची कलमं एका सुरात वाचत राहते. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांशी बोलताना ती सहज म्हणून जाते की रोज तेच तेच चेहरे पाहून कंटाळा आला, देऊन टाकावी वीस वर्षं आणि मोकळं व्हावं. त्या बोलण्यात द्वेष नाही. तिला घरी जायचं आहे, एवढंच. तिथे मी सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायला उठले. माझ्याही टेबलावर नस्त्या साचतात. “पुढच्या आठवड्यात या” हे तीन शब्द समोरच्याच्या तोंडाकडे न बघता म्हटलेले मीही ऐकलेले आहेत, शेजारच्या टेबलावरून, रोज.

त्यानंतर मृत कामगाराच्या बायकोची साक्ष येते. हे काम उषा बाने यांनी केलं आहे आणि त्यांनी स्वतः हे दुःख भोगलेलं आहे. नवरा मॅनहोलमध्ये उतरायच्या आधी काय करायचा, असं वकील विचारतो. ती सांगते, आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं आणि उतरायचं. मास्क नाही, हातमोजे नाहीत, वासाने जीव नको व्हायचा म्हणून आधी दारू. वायूने एक डोळा गेलेला. सगळं सपाट आवाजात, रेशनकार्डावरची नावं सांगावीत तसं. सगळा खटलाच मोडून पडेल असं ती बोलत असते आणि कोर्टात कुणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नाही. नंतर बचावाचा वकील तिला गाडीतून सोडायला जातो आणि पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काही काम असेल तर बघा, म्हणते.

त्या वर्षी हे दृश्य पाहून मला संताप आला होता. या वेळी संतापाच्या जोडीला कामाची जाणीव आली. अशी बाई कचेरीत आली की आपण तिला अर्ज लिहून आणायला सांगतो. ती काय सांगते आहे ते ऐकून घेणं हेही आपलंच काम आहे, हे नियमाच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या लेखी २०१५चा सिनेमा ‘कोर्ट’च. ‘किल्ला’ त्याच्या पाठोपाठ, आणि तो मुलांसोबतच पाहावा. राहता राहिली एक विनंती. आमच्याकडे नव्याने लागलेल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात टिपणी कशी लिहायची, नस्ती कशी फिरते, माहिती अधिकाराच्या अर्जाला किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे सगळं शिकवतात. त्या वर्गांत एक दुपार ‘कोर्ट’साठी ठेवावी आणि नूतनबाईंवर मोकळी चर्चा घडवून आणावी, असं वरिष्ठांना मनापासून सांगणं आहे.