ठासणीच्या बंदुकीची निवड

ठासणीची बंदूक म्हटली म्हणजे आपल्याकडील वाचकास जुन्या वाड्यांतील खुंटी किंवा वस्तुसंग्रहालयांतील कपाट आठवतें. अमेरिकेंत ती अद्याप नवी घडवून विकतात. इतकेंच नव्हे, तर तिच्यासाठीं हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम राखून ठेवितात. आम्ही राहतों त्या पेन्सिल्व्हेनियांत ऑक्टोबरांतील अशा हंगामांत नव्या धाटणीची बंदूक चालते. नाताळानंतरच्या हंगामांत मात्र चकमकीवांचून गत्यंतर नाहीं. ऑक्टोबरासाठीं बंदूक घेण्याचें ठरलें, तेव्हां निवडीचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं असें आढळून आलें.

चकमकीच्या बंदुकींत ठिणगी बाहेरच्या रंजकेवर पडते आणि तेथून बाजूच्या कानांतून आंत शिरते. रंजक दमट झाली, कीं चाप ओढूनहि बार उडत नाहीं. १९८५ सालीं मिसूरीच्या टोनी नाइट या कारागिरानें 'एमके-८५' ही बंदूक काढली. तींत आग बाजूनें न येतां दारूच्या थेट पाठीमागून, नळीच्या सरळ रेषेंत येते. म्हणून या जातीस 'इनलाइन' म्हणतात. हल्लींच्या बहुतेक इनलाइन बंदुकींत, छऱ्यांच्या काडतुसांत वापरतात ती २०९ क्रमांकाची टोपी बसते. दारू आणि गोळी मात्र पूर्वीप्रमाणेंच तोंडाकडून भरून गजानें ठासावी लागते. आणि बार एकच मिळतो.

दुकानदार पल्ल्याची आणि दुर्बिणीची स्तुति करूं लागला. आम्हीं त्यास दुसरेच प्रश्न विचारले. पावसांत टोपी झांकलेली राहते काय? नळीच्या बुडाचें आट्यांचें बूच सहज निघतें काय? काळ्या दारूची काजळी हवेंतील ओल शोषून घेते आणि न धुतलेली नळी गंजते. जी बंदूक साफ करण्यास सोपी, तीच वेळेवर साफ होते. सीव्हीएच्या 'ऑप्टिमा' व 'अ‍ॅक्युरा' या मधोमध मोडणाऱ्या बंदुकींत हें बूच अवजारावांचून निघतें, यास्तव आमचा कल त्यांजकडे झुकला.

जुन्या मताचे शिकारी म्हणतात, ही ठासणीची बंदूक नव्हेच. रायफलीनें घेतलेलें हें सोंग आहे. हें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. आयडाहोंत केवळ ठासणीसाठीं राखलेल्या हंगामांत टोपी हवापाण्यास उघडी असावी लागते. यूटानें २०२४ पासून तशा हंगामांत मोठें करून दाखविणाऱ्या दुर्बिणीस मनाई केली.

परंतु या आक्षेपांत दोन निरनिराळ्या सुधारणा एकत्र गोंवल्या आहेत. बार क्षणभर उशिरां उडाला, तर नेम ढळतो आणि हरिण जखमी होऊन झाडींत शिरतें. खात्रीची आग हें टाळते. उलट दुर्बिणीनें दूरचें हरिण जवळचें वाटूं लागतें, हात धजावतो, आणि नेम चुकला तर दुसरा बार भरीपर्यंत तें नाहींसें होतें. मध्यें धुराचा लोट आल्यानें गोळी कोठें लागली, हेंहि चटकन् कळत नाहीं.

म्हणून आम्हीं इनलाइन घेतली, दुर्बीण घेतली नाहीं. आणि शंभर पावलांपलीकडे चाप ओढावयाचा नाहीं, अशी मर्यादा घालून घेतली. जिनें जनावराचे हाल कमी होतात ती सुधारणा पत्करावी. जिनें केवळ आपली हांव लांबते, तिला दुकानांतच राहूं द्यावें.