साच्याच्या कडेपाशी

स्टेन्सिलच्या चित्रापुढे उभा राहिलेला पारखी आधी कडा पाहतो. साचा भिंतीला घट्ट दाबलेला असेल तर रेघ कापल्यासारखी उमटते. जरा सुटला असेल तर फवाऱ्याचे तुषार खाली शिरतात आणि कड धूसर होते. सुटे तुकडे गळू नयेत म्हणून साच्यात ठेवलेल्या पट्ट्यांची जागाही चित्रात कोरी राहते. इथे कुंचल्याचा फटकारा नसतोच, हात ओळखायचा तो या खुणांवरून. पण तेवढ्यावर निर्वाळा देता येत नाही. तोच साचा दुसऱ्याने कापणं अवघड नाही.

म्हणून रस्त्यावरच्या भिंतींवर स्टेन्सिलने चित्रं काढणाऱ्या बँक्सी या कलाकाराच्या बाबतीत कागद पाहावाच लागतो. त्याची ‘पेस्ट कंट्रोल’ ही संस्था २००८ पासून प्रमाणपत्रं देते. प्रत्येक प्रमाणपत्राला राजकुमारी डायनाचा चेहरा छापलेली दहा पौंडांची नकली नोट अर्धी फाडून जोडलेली असते. उरलेली अर्धी संस्थेकडे. रस्त्यावरच्या भिंतींना मात्र ती प्रमाणपत्र देत नाही.

हे धोरण योग्यच आहे, नाहीतर भिंती कापून विकण्याला बळच मिळेल. २०१२ च्या मे महिन्यात, राणी एलिझाबेथच्या हीरकमहोत्सवाच्या तोंडावर, लंडनच्या वुड ग्रीनमध्ये स्वस्त वस्तूंच्या एका दुकानाच्या भिंतीवर बँक्सीने काढलेला एक मुलगा दिसू लागला. गुडघ्यावर बसून तो शिवणयंत्रावर ब्रिटिश झेंड्यांच्या पताका शिवत होता. पताका रंगवलेल्या नव्हत्या, खऱ्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत भिंतीचा तेवढा तुकडाच कापून नेला गेला आणि मायामीच्या लिलावात आला. रहिवाशांच्या संतापानंतर तिथून तो मागे घेतला, पण जूनमध्ये लंडनमध्ये विकला गेलाच. ते दुकान, तो रस्ता, तो उत्सव यांवाचून त्या मुलाच्या उपरोधाची धार जाते. ही हानी मूल्यांकनात मोजलीच पाहिजे, गिलाव्याला एक तडा नसला तरी.

भिंतीवर राखायचं म्हटलं तर शत्रू अनेक. ऊन लाल रंग खातं, ओलीने लोणा येऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. वरून पारदर्शक प्लास्टिक बसवलं की आत दमटपणा कोंडतो. मेलबर्नमध्ये बँक्सीने २००३ मध्ये काढलेल्या पाणबुड्यावर असंच आवरण होतं. २००८ मध्ये कोणीतरी त्याच्याच मागे रंग ओतला आणि चित्र संपलं.

कॅनव्हासची चिंता वेगळी. २०१८ मध्ये फुगा सोडणाऱ्या मुलीचं बँक्सीचं चित्र लंडनमध्ये सुमारे १०.४ लाख पौंडांना विकलं गेलं आणि त्याच क्षणी चौकटीतल्या यंत्राने ते अर्धं कातरलं. त्या पट्ट्या आता चित्राचाच भाग आहेत. २०२१ मध्ये त्याला सुमारे १.८६ कोटी पौंड मिळाले. त्यामुळे जुन्या स्टेन्सिलवरचा ओघळ, चुरगळा, डाग पुसण्याआधी तो कधीचा हे शोधावं, जुने फोटो काढून ताडून पाहावं. चमक यावी म्हणून वॉर्निश तर लावूच नये. ते उतरवायला जे द्रावण वापरावं लागतं, तेच बहुतेकदा खालचा स्प्रेचा रंगही विरघळवतं.