पिक्चर वाईट, माणूस नव्हे

आमच्या बेळगावकडं पिक्चर बघून आलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कसा हाय ग?" तिचं उत्तर तीन-चार शब्दांच्या वर जात नाही. "जा, बघून ये" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चारजणी निघतात. "पैसे पाण्यात" म्हणाली, की आमच्या गल्लीपुरता तो पिक्चर तिथंच आपटला. मग त्यात नट कोण, खर्च किती कोटींचा, याला काही किंमत नाही.

हा निवाडा निष्ठुर वाटतो, पण त्यामागं सरळ हिशेब आहे. जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणजे संध्याकाळचा खेळ आमच्यासाठी नाहीच. जायचं ते दुपारी, सकाळचं सगळं आवरून, रात्रीची भाजी चिरून ठेवून. खेळ लांबला की इकडं जीव टांगणीला. 'मेरा नाम जोकर' १९७० साली आला, चार तासांच्या वरचा, दोन मध्यंतरांचा. आमच्या आत्याबाई दुसऱ्या मध्यंतरात उठून घरी आल्या, कारण दिवस कलायला लागला होता. शेवट काय झाला ते त्यांनी पुढं कित्येक वर्षांनी टीव्हीवर बघितलं. तेव्हा पडलेला हा पिक्चर तोवर लोकांनी डोक्यावर घेतला होता!

एवढ्या धडपडीनं काढलेले तीन तास वाया गेले की बाईचा राग खराच असतो. म्हणून कडक समीक्षा लिहिणारी माणसं मला आपल्या बाजूची वाटतात. पेपरात पानभर जाहिरात आणि शेजारी चार तारे, हे बघून तिकीट काढायचं आणि मध्यंतरापर्यंत डोकं धरून बसायचं, त्यापेक्षा कुणीतरी आधीच "जाऊ नका" म्हटलेलं बरं. खोटं गोड बोलण्यात नुकसान बघणाऱ्याचं होतं, बोलणाऱ्याचं नव्हे.

अमेरिकेत रॉजर ईबर्ट नावाचे समीक्षक होते. शिकागोच्या 'सन-टाइम्स' दैनिकात १९६७ पासून २०१३ साली मरेपर्यंत ते लिहीत राहिले. चित्रपट समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पहिले, १९७५ साली. आवडलेल्या पिक्चरवर ते जीव ओवाळून लिहायचे आणि न आवडलेल्याची पार साल काढायचे. १९९४ च्या 'नॉर्थ' या पिक्चरवर त्यांनी इतकं चिडून लिहिलं, की पुढं २००० साली नावडत्या पिक्चरांवरच्या लेखांचं पुस्तक काढलं तेव्हा त्याचं नावही त्याच लेखातल्या संतापावरून ठेवलं.

त्यांची एक हकिगत मला फार आवडते. २००५ साली रॉब श्नायडर या विनोदी नटाचा एक पिक्चर आला. लॉस एंजेलिसच्या एका पत्रकारानं त्याच्यावर टीका केली, तेव्हा नटानं चिडून जाहिरात दिली, की या गृहस्थाला कधी पुलित्झर मिळालेलं नाही. ईबर्टनी ते वाचलं आणि लिहिलं, की मला मिळालेलं आहे, म्हणजे बोलायला मी पात्र आहे. तुमचा पिक्चर अगदी टाकाऊ आहे. बघणाऱ्यांना हसू आवरेना.

गोष्ट इथं संपली असती तर ती नुसती नळावरची भांडणं झाली असती. पण पुढं ईबर्टना कर्करोगानं घेरलं, शस्त्रक्रियांमध्ये बोलणंच गेलं. २००७ साली त्यांच्याकडं एक फुलांचा गुच्छ आला. पाठवणारा तोच नट, आणि चिठ्ठीत खाली सही करताना 'तुमचा सगळ्यात नावडता नट' असं लिहिलेलं. ईबर्टनी हे स्वतःच जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा, की या माणसानं वाईट पिक्चर काढला असेल, पण माणूस वाईट नाही. बघा हं, पिक्चरबद्दलचं मत त्यांनी मागं घेतलं नाही. पिक्चर टाकाऊ तो टाकाऊच. फक्त पिक्चर आणि माणूस यांच्यामध्ये एक रेघ ओढली.

ही रेघ सगळ्यांना ओढता येत नाही. आपल्या मुंबईत बाबूराव पटेल होऊन गेले. मराठी माणूस, पण १९३५ पासून 'फिल्मइंडिया' हे मासिक इंग्रजीतून चालवायचे. त्यांच्या लेखणीला भले भले घाबरत. पण ती लेखणी पिक्चरवर थांबत नसे. नट्यांचा चेहरा, बांधा, वय, सगळ्यावर चालायची. शांता आपटे छडी घेऊन त्यांच्या कचेरीत गेल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. पुढं बाबूरावांनी स्वतः पिक्चर काढले. 'द्रौपदी' १९४४ साली आणि 'ग्वालन' १९४६ साली, दोन्हीत नायिका त्यांची पत्नी, गायिका सुशीलाराणी. दोन्ही चालले नाहीत. जन्मभर दुसऱ्याच्या ताटातलं मीठ काढणाऱ्याला आपली आमटी साधली नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण मला वाईट वाटतं ते सुशीलाराणींचं. पडद्यावर चेहरा बाईचा असतो, म्हणून पिक्चर कुणीही बिघडवला तरी बोल पहिल्यांदा तिलाच लागतो. घरातही हेच नाही का? भात कच्चा राहिला तर तांदूळ कसला आणला हे कुणी विचारत नाही.

टीका चुकते, त्याचं मला काही वाटत नाही. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, तेव्हा सुरवातीला समीक्षकांनी नाकं मुरडली होती. लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजला पाच वर्षं चालवला. समीक्षकाचा शब्द शेवटचा नसतो, शेजारणीचा शब्द त्याच्यावर असतो. पण शब्द करणाऱ्याच्या काळजाला लागला, तर पुढचं काही उमलतच नाही. १९५९ साली गुरुदत्तचा 'कागज के फूल' पडला. समीक्षकांनी नाही आणि लोकांनीही नाही, कुणीच जवळ केला नाही. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तनं एकाही पिक्चरवर आपलं नाव घातलं नाही. १९६४ साली तो गेला. आज त्याच पिक्चरचं कौतुक करताना लोक थकत नाहीत, पण त्याला त्याचं काय?

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. पण काही वर्षांपूर्वी एका महिला मंडळाच्या एकांकिका स्पर्धेत मी प्रेक्षकांत बसले होते. एका नव्या सुनेनं स्वतः लिहिलेली एकांकिका केली. जरा पसरट होती, शेवट फसला होता. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी माईक घेतला आणि म्हणाले, "लिहिण्यापेक्षा या बाईंनी पापड लाटले असते तर मंडळाला फायदा झाला असता." सभागृह हसलं. तिची सासूसुद्धा हसली. त्या मुलीनं पुढं काही लिहिलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. शेवट का फसला, कुठं कापायला हवं होतं, हे त्या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर ती रडली असती, पण घरी जाऊन वही काढली असती.

अमेरिकेत वाईट पिक्चरांना 'रॅझी' नावाची चेष्टेची बक्षिसं देतात. २०२३ साली त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीचं नाव वाईट अभिनयासाठी यादीत घातलं. लोक खवळले, तेव्हा नाव काढलं आणि अठरा वर्षांखालच्यांना यापुढं घ्यायचं नाही असा नियम केला. चांगलं झालं. पण मला वाटतं, एकोणिसाव्या वर्षीही कातडी काही गेंड्याची होत नाही.

म्हणून बायांनो, "कसा हाय ग?" विचारलं की खरं ते सांगायचंच. लांबलाय म्हणा, गाणी उगीच घुसडलीत म्हणा, पैसे पाण्यात म्हणा. एवढं बोलायचा हक्क तिकीट काढून आपण मिळवलेला असतो. फक्त त्यातल्या पोरीचं नाक नि रंग काढू नका. आणि आपल्या मंडळात कुणी पहिल्यांदा उभी राहून काही वाचून दाखवत असेल, तर काय जमलं नाही ते तिला चहा देताना बाजूला घेऊन सांगा. माईकवरून नको.